नवव्या कामगाराचे औषध

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत गाळ्याला गाळा लागून आहे. एका गाळ्यात स्टीलचा पत्रा कापतात, दुसऱ्यात प्रेसवर डबे-पातेली घडतात, तिसऱ्यात बफवर धरून त्यांना चकाकी आणतात. मिठागरे, शेती आणि उत्तन-चौक-पालीची मासेमारी यांवर जगणारा हा पट्टा 1985 मध्ये नगरपरिषद झाला आणि 2002 मध्ये महापालिका. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती आठ लाखांच्या वर गेली होती. घराघरांत पोचलेली स्टीलची भांडी घडवणाऱ्या या शहरातल्या कामगाराला रक्तदाबाची वा मधुमेहाची गोळी रोज घ्यायची असेल, तर तिचे पैसे कोणी द्यायचे? आजचे उत्तर हजेरीपटावर किती नावे आहेत त्यावर ठरते. दहा असतील तर कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू होते. नऊ असतील तर कामगार आणि नाक्यावरचे मेडिकल, मध्ये तिसरे कोणी नाही.

औषध हा कामगाराचा हक्क असावा आणि तो नोकरीच्या प्रकारावर अवलंबून नसावा, असे माझे ठाम मत आहे. या मतापर्यंत कसे यायचे, आजवर काय घडले आणि कुठे अडले, त्याचा हा आढावा.

सुरुवात ईएसआयपासून करावी लागते, कारण या देशात कामगाराच्या औषधाचा विचार पहिल्यांदा नीट झाला तो तिथे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते तेव्हा, 1943 मध्ये, प्रा. बी. पी. अडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. 1944 मध्ये त्यांचा अहवाल आला. 1948 मध्ये कायदा झाला, 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि 1954 मध्ये ती मुंबईच्या गिरणगावात पोचली. योजनेची रचना आजही वाचली की तिच्यातला विचार किती पक्का होता ते कळते. वैद्यकीय लाभाला खर्चाची मर्यादा नाही. विमाधारक झाल्याच्या पहिल्या दिवसापासून उपचार आणि औषधे मिळतात, कुटुंबालाही मिळतात. हप्ता पगाराच्या प्रमाणात, लाभ मात्र गरजेच्या प्रमाणात. जुलै 2019 पासून मालकाचा वाटा पगाराच्या 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. अगदी कमी रोज असलेल्यांना स्वतःचा वाटा माफ आहे. किमान पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला 120 रुपये भरून पती-पत्नी दोघांचे उपचार चालू ठेवता येतात. ही सोय ज्यांच्यासाठी आहे त्यांतल्या किती जणांच्या कानावर ती जाते, हा मात्र प्रश्नच आहे.

महाराष्ट्रात ईएसआयने पॅनेल डॉक्टरांची पद्धतही चालवली. वस्तीतला खासगी डॉक्टरच योजनेचा डॉक्टर व्हायचा आणि कामगाराला खाडा न करता संध्याकाळी त्याच्याकडे जाता यायचे. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

योजना चांगली, पण तिची दारे अरुंद. पहिली अट संख्येची. भाईंदरच्या गाळ्यांत दहाच्या आत राहणे अवघड नसते. एकाच छताखाली पत्रा एका ठेकेदाराकडे, प्रेस दुसऱ्याकडे, पॉलिश नगावर तिसऱ्याकडे दिले की कागदावर कोणाकडेच दहा माणसे उरत नाहीत. दुसरी अट पगाराची. 21,000 रुपयांची मर्यादा जानेवारी 2017 पासून आहे. तेव्हापासून घरभाडे आणि डाळ कुठच्या कुठे गेली. या काळात पगार थोडा वाढला की कुशल कारागीर या मर्यादेबाहेर जातो, चालू हप्ता-कालावधी संपला की त्याचे ईएसआय थांबते आणि पगारवाढीच्या आनंदासोबत बायकोच्या थायरॉइडच्या गोळीचा खर्च घरी येतो. तिसरी अडचण अंतराची. मीरा-भाईंदरच्या कामगाराला मोठ्या उपचारासाठी जवळची ईएसआय रुग्णालये म्हणजे कांदिवली आणि अंधेरी. त्यातले अंधेरीचे कामगार रुग्णालय 17 डिसेंबर 2018 च्या आगीत होरपळले, माणसे दगावली आणि पश्चिम उपनगरांतल्या विमाधारक कुटुंबांचा मोठा आधार बराच काळ खिळखिळा राहिला.

देशात ईएसआयचे विमाधारक कामगार तीन कोटींहून अधिक आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगारांची नोंदणी 30 कोटींच्या पुढे गेली आहे. हे दोन आकडे शेजारी मांडले की कामगारांचा औषध-हक्क प्रत्यक्षात किती थोड्यांचा आहे ते दिसते. उरलेल्यांसाठी निरनिराळी मंडळे आहेत. माथाडींचा 1969 चा कायदा हा महाराष्ट्राचा अभिमान आहे आणि अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने त्यातून दवाखाने-रुग्णालयापर्यंत मजल मारली. बांधकाम कामगारांसाठी मंडळ आहे, घरकामगारांसाठी 2008 चा कायदा आहे. पण दर महिन्याची गोळी हमखास हातात पडेल अशी व्यवस्था यांतल्या बहुतेक ठिकाणी नाही.

मग महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे ना, असे विचारले जाते. आहे, आणि तिचे मोल कमी नाही. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून ती सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली, 2017 मध्ये तिला फुल्यांचे नाव मिळाले. 2023 मध्ये ती राज्यातल्या सर्व रहिवाशांसाठी खुली करण्याचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. 2018 ची केंद्राची आयुष्मान भारत योजनाही तिच्याशी जोडलेली आहे. पण या दोन्ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतर पंधरा दिवसांच्या औषधांची तरतूद आहे. सोळाव्या दिवशी काय? हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने लागतात, त्यांतली एखादी जन्मभर. लाखभर रुपयांची शस्त्रक्रिया सरकारने केली आणि ती टिकवणारी गोळी हमालाच्या रोजावर सोडली, तर त्या लाखाचाही विनियोग अर्धवटच राहतो.

दाखल होण्याचा प्रसंग आयुष्यात क्वचित येतो, औषधाचा खर्च दर महिन्याला. माणसाला कर्जात ढकलणाऱ्या खर्चात औषधांचा वाटा किती, याचा सर्वात बोलका हिशेब सेल्वराज, फारुकी आणि करण या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केला. 2011-12 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून त्यांनी दाखवले की आरोग्यखर्चामुळे त्या वर्षी सुमारे साडेपाच कोटी माणसे दारिद्र्यरेषेखाली गेली आणि त्यांतली 3.8 कोटी निव्वळ औषधांच्या खर्चामुळे. त्यानंतर सरकारी हिशेबात सुधारणा दिसते. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा भाग 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. घसरण स्वागतार्ह आहे. पण हे प्रमाण आहे, रक्कम नव्हे, आणि जो माणूस गोळ्या घेणेच सोडून देतो त्याचा खर्च शून्य धरला जातो.

सोडून देणे हा या प्रश्नाचा सर्वात कमी मोजला गेलेला भाग आहे. डॉक्टर महिन्याभराची चिठ्ठी देतो, माणूस मेडिकलवर जाऊन पाच गोळ्या कापून मागतो. त्या संपल्या की आठवडाभर काहीच नाही. डोके दुखले की पुन्हा दोन. रक्तदाबाला लक्षणे नसतात, म्हणून तंगीत पहिली काट त्याच गोळीवर बसते. नगावर काम करणाऱ्याला तर आजारपणाचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. त्याला दवाखान्यात जायचे तर दुपारची वेळ चालत नाही. मग एखाद्या दिवशी बफसमोर उभा असताना अर्धांगवायूचा झटका येतो आणि जी गोळी महिन्याला किरकोळ रकमेत मिळाली असती तिच्या जागी अतिदक्षता विभाग, अपंगत्व आणि घरातल्या मुलाची सुटलेली शाळा येते. त्या अतिदक्षता विभागाचे बिल सरकार भरते, गोळीचे भरत नाही. ही रचना बदलायला हवी.

औषधे स्वस्त करण्याचे प्रयत्न आपल्याकडे बरेच झाले. 1970 च्या पेटंट कायद्याने देशी औषध उद्योग उभा राहिला. 1975 च्या हाथी समितीने ब्रँडऐवजी मूळ, म्हणजे जेनेरिक, नावाने औषधे विकण्याचा आग्रह धरला. 2012 मध्ये नॅटको कंपनीला मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील औषध बनवण्याचा सक्तीचा परवाना मिळाला आणि महिन्याला सुमारे 2.8 लाखांचे औषध 8,800 रुपयांवर आले. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने आवश्यक औषधांना कमाल किंमत लावली, पण ती उत्पादनखर्चावरून नव्हे, तर बाजारातल्या ब्रँडांच्या सरासरीवरून काढली. म्हणजे बाजार महाग असेल तर मर्यादाही महाग. शिवाय दरवर्षी घाऊक निर्देशांकाप्रमाणे वाढीची मुभा. एप्रिल 2022 मध्ये ती 10.77 टक्के होती, पुढच्या वर्षी 12.12 टक्के. सप्टेंबर 2025 मध्ये बहुतेक औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हे चांगले झाले. 2008 मध्ये सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांची संख्या आता पंधरा हजारांच्या पुढे आहे आणि तिथे किमती ब्रँडपेक्षा निम्म्याहून कमी असतात. मी ओळखीच्या प्रत्येकाला तिथे जायला सांगतो. पण चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असते, दुकानात ते औषध असतेच असे नाही, आणि असले तरी शेवटी पैसे कामगारानेच द्यायचे असतात. डॉक्टरांनी मूळ नावे लिहावीत हा नियम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट 2023 मध्ये आणला आणि त्याच महिन्यात स्थगित केला.

स्वस्त औषध आणि हक्काचे औषध यांतले अंतर ज्यांनी ओलांडले त्यांच्याकडे पाहिले पाहिजे. तमिळनाडूने 1994 मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापले. त्याची पद्धत आजही देशातली सर्वोत्तम मानली जाते. आवश्यक औषधांची ठरलेली यादी, मूळ नावाने मोठ्या प्रमाणावर निविदा, जिल्ह्याजिल्ह्यात गोदामे, प्रत्येक बॅचची तपासणी आणि तीही प्रयोगशाळेला उत्पादकाचे नाव न कळवता. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक असते. वर्षाची रक्कम त्यात जमा, जे औषध उचलाल त्याची रक्कम वजा. त्यामुळे वरून माल लादला जात नाही, खालच्या गरजेप्रमाणे उचलला जातो. पुरवठादाराचे पैसे वेळेवर मिळतात, म्हणून तो कमी दर देतो. राजस्थानने हीच वाट धरून 2 ऑक्टोबर 2011 रोजी मोफत औषध योजना सुरू केली आणि ओस पडलेल्या सरकारी दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. त्या रांगांत उभे राहणाऱ्यांना दारिद्र्यरेषेचा दाखला द्यावा लागला नाही. माझ्या मते राजस्थानच्या यशाचे अर्धे कारण हेच आहे.

महाराष्ट्र या बाबतीत मागे राहिला, आणि ज्या राज्यात ईएसआय 1954 मध्येच पोचली, ज्याने देशाला रोजगार हमीचा कायदा दिला, त्याने मागे राहावे हे मनाला लागते. 2017 मध्ये औषधखरेदी एकत्र करून हाफकिनच्या महामंडळाकडे सोपवली. लस बनवण्यात नाव कमावलेली ही संस्था खरेदीच्या कामात अडखळली. निविदा रखडल्या, निधी पडून राहिला, रुग्णालये स्थानिक खरेदीवर आली आणि ‘बाहेरून आणा’ हे शब्द रुग्णांच्या कानावर पडत राहिले. ऑगस्ट 2023 मध्ये ठाणे महापालिकेच्या कळवा रुग्णालयात एका रात्रीत आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात दोन दिवसांत जे मृत्यू झाले त्यांनी राज्य हादरले. नांदेडमध्ये 48 तासांत 31 माणसे गेली, त्यांत नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप प्रशासनाने नाकारला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा त्याच वर्षी झाला. तमिळनाडूनंतर जवळजवळ तीन दशकांनी.

15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह सर्व उपचार मोफत झाले. मीरा-भाईंदरसाठी हे महत्त्वाचे, कारण भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला लोक अजून टेंभा म्हणतात, महापालिकेने बांधले आणि पुढे राज्याकडे सोपवले. पण महापालिकेची आरोग्य केंद्रे तिच्या स्वतःच्या खर्चाने चालतात आणि त्यांच्यासाठीचा निर्णय वेगळा. एकाच शहरात राज्याचे रुग्णालय, महापालिकेचे दवाखाने, राज्याच्या ‘आपला दवाखाना’ योजनेची केंद्रे, ईएसआय आणि केंद्राची जनऔषधी दुकाने, अशा पाच खिडक्या आहेत. प्रत्येकीची यादी वेगळी, गोदाम वेगळे. एका खिडकीवर पडून असलेली मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी दुसऱ्या खिडकीवरच्या रुग्णाच्या कामी येत नाही.

परदेशाचे फार सांगत नाही, पण कॅनडाचा धडा इथे चपखल आहे. तिथे डॉक्टर आणि रुग्णालय सर्वांना मोफत, गोळ्या मात्र बहुतांश नोकरीतल्या विम्यावर. औषधेही सार्वजनिक योजनेत आणा, असे तिथल्या हॉल आयोगाने 1964 मध्येच सुचवले होते. कायद्याचा पहिला टप्पा ऑक्टोबर 2024 मध्ये आला, आणि तोही मधुमेहाची औषधे व गर्भनिरोधके यांपुरता. रुग्णालय आधी, औषध नंतर बघू, असे ठरवले की ‘नंतर’ साठ वर्षांनी येते. ब्राझीलने 2011 पासून रक्तदाब आणि मधुमेहाची ठरावीक औषधे खासगी मेडिकल दुकानांतूनही मोफत दिली, दुकानदाराचे पैसे सरकार भागवते. आपल्याकडचा बहुसंख्य कामगार खासगी डॉक्टरकडे आणि नाक्यावरच्या मेडिकलवरच जातो, म्हणून ही वाट मला विशेष विचार करण्याजोगी वाटते.

आक्षेप दोन प्रकारचे येतात. पहिला पैशाचा. डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या उच्चस्तरीय तज्ज्ञ गटाने 2011 मध्ये सांगितले होते की औषधखरेदीवरचा सार्वजनिक खर्च सकल उत्पन्नाच्या 0.1 टक्क्यावरून 0.5 टक्क्यावर नेला तर आवश्यक औषधे सर्वांना देता येतील. आजच्या सकल उत्पन्नावर ही रक्कम दीड लाख कोटींच्या वर जाते. आकडा मोठा आहे. पण देशातला औषधबाजार वर्षाला दोन लाख कोटींच्या पुढे आहे, आणि तो लोक आजच भरताहेत, किरकोळ दराने. सरकारी निविदेचा दर आणि दुकानातली छापील किंमत यांत अनेक पटींचे अंतर असते. तेव्हा हा पैसा नव्याने उभा करायचा नाही. कामगाराच्या खिशातून दुप्पट-तिप्पट जाणारा पैसा करांतून, कमी दराने द्यायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोफत दिले की औषधांचा अतिरेक होईल. याचे उत्तर पुण्याच्या डॉ. अनंत फडके आणि सहकाऱ्यांच्या सातारा जिल्ह्यातल्या अभ्यासाने 1990 च्या दशकातच दिले आहे. अनावश्यक इंजेक्शने, निरर्थक मिश्रणे आणि टॉनिके यांवर पैसा वाया जातो आणि त्याच वेळी आवश्यक औषधे अपुरी पडतात, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले होते. म्हणजे अतिरेक आज आहेच, पैसे देऊन चाललेला. सर्वांना औषध याचा अर्थ सर्व औषधे नव्हे. 2022 च्या राष्ट्रीय आवश्यक यादीत 384 औषधे आहेत. यादी आणि उपचारपद्धती ठरलेली असेल तर काय होते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 2017 च्या अखेरीस सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रण उपक्रमात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. दोन-तीन साध्या औषधांचा ठरलेला क्रम, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढेच त्याचे सूत्र. क्षयरोग आणि एचआयव्हीची औषधे तर देशभर मोफत आहेतच, तिथे कोणी हजेरीपट विचारत नाही. 2024 मध्ये क्षयरोगाच्या गोळ्यांचा पुरवठा डळमळला आणि केंद्राने राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगितले, तेव्हा हेही कळले की हक्क कागदावर असला तरी गोदाम रिकामे राहू शकते. म्हणून खरेदीयंत्रणेवर मी एवढे बोलतो आहे.

मीरा-भाईंदरमध्ये हे कसे दिसेल? महापालिका, टेंभा रुग्णालय आणि आपला दवाखाना यांची औषधयादी एक, साठ्याची नोंद एकत्र. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा, मिरगी आणि हृदयविकाराची औषधे तीस नव्हे, साठ वा नव्वद दिवसांची. भाईंदर पूर्वेच्या वसाहतींजवळ आणि काशीमिऱ्याला रात्री नऊपर्यंत उघडी राहणारी औषधखिडकी. उत्तनच्या मच्छीमारांसाठी वेगळी वेळ, कारण बोट समुद्रात गेली की आठवडा जातो. परप्रांतातून आलेल्या कामगाराला रेशनकार्ड वा भाडेकराराची सक्ती नसावी, आणि गावी जाताना दोन महिन्यांचा साठा मिळावा. जे खासगी डॉक्टर ठरलेल्या यादीतून, मूळ नावाने लिहायला तयार असतील त्यांच्या चिठ्ठीवरही याच खिडकीतून औषध मिळावे. खासगी डॉक्टर सार्वजनिक योजनेत सामावून घेता येतो, हेच ईएसआयच्या पॅनेल डॉक्टरांचा अनुभव सांगतो. सुरुवातीची पाच-सहा दुखणी महापालिकेला राज्याच्या दराने औषध मिळाले तर पेलतील. तो दर मिळवून देणे हे नव्या प्राधिकरणाचे काम आहे, आणि महापालिकांना त्याच्या निविदांत सामील करून घेण्याची मागणी आत्ताच लावून धरायला हवी.

केंद्राच्या पातळीवर एक दार नुकतेच किलकिले झाले आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना मालक आणि बहुसंख्य कामगारांच्या संमतीने ईएसआयमध्ये येऊ शकतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे केंद्राने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या व्यवसायात एकच कामगार असला तरी ईएसआय लागू होऊ शकते. बफवर स्टील घासताना उडणाऱ्या बारीक धुळीत क्रोमियम आणि निकेल असते. ती छातीत घेणारा, आणि प्रेसखाली बोटे घालणारा माणूस धोकादायक काम करत नसेल तर कोण करतो? या कामांची अधिसूचना निघावी, यासाठी भाईंदरच्या कामगार संघटनांनी, लघुउद्योजकांच्या संघटनांनी आणि इथल्या खासदार-आमदारांनी एकत्र पाठपुरावा करावा. मालकांनाही ते परवडणारे आहे, कारण 3.25 टक्क्यांत अपघाताची भरपाई, आजारपणाची रजा आणि औषध हे सारे त्यांच्या डोक्यावरून उतरते. आणि अधिसूचना निघेल त्या दिवसापासून पगाराची 21,000 ची मर्यादा या कामांपुरती तरी काढून टाकावी, नाहीतर चांगला पॉलिशवाला पुन्हा बाहेरच राहील.